बाळंतिणीची बुद्धी खरंच कमी होते का?

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला तासगावला माहेरी आली होती. बाळ पाच आठवड्यांचं. एका सकाळी तिने पोह्यांत दोनदा मीठ घातलं आणि दुपारी चहाची गाळणी फ्रीजमध्ये सापडली. “बाळंतपणात बाईची बुद्धी जातेच गं, आमचंही असंच झालं होतं,” आजी मायेनेच म्हणाली, पण भाचीचा चेहरा उतरला. त्या रात्री लाइट गेले. पंखा बंद, त्यामुळे मी जागीच होते. बाळाने म्हणे घशातल्या घशात ‘उं’ केलं. मला ते ऐकूही आलं नाही, पण गाढ झोपलेली भाची उठून बसली. “भूक नाही, ओलं झालंय,” म्हणाली. दुपटं खरंच ओलं होतं.

गाळणी विसरणारी आणि तो ‘उं’ ओळखणारी बाई एकच होती. बाळंतपणाबद्दलचे आपले बरेचसे समज यातली पहिली बाजू तेवढी पाहतात.

‘बुद्धी जाते’ या समजाला वरवर आधार मिळावा असा एक निष्कर्ष विज्ञानातही आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी 25 स्त्रियांच्या मेंदूचे एमआरआय दिवस राहण्याआधी काढले आणि प्रसूतीनंतर पुन्हा काढले. सोबतीला कधीही गरोदर न राहिलेल्या 20 स्त्रियाही तपासल्या. एल्सेलिन हूक्झेमा आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास डिसेंबर 2016 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आला. मेंदूतल्या ज्या भागाला ग्रे मॅटर म्हणतात, त्याचं आकारमान आई झालेल्यांमध्ये कमी झालं होतं. हा बदल इतका ठळक होता, की कोणती स्त्री गरोदर राहिली होती हे संगणकाने फक्त मेंदूच्या चित्रांवरून बिनचूक सांगितलं. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हाही तो बराचसा टिकून होता.

इथेच थांबलं तर आजी बरोबर ठरते. पण घट झाली ती मुख्यतः समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखताना आपण वापरतो त्या भागांत. ज्या आईत बदल जास्त, तिची बाळाशी जवळीकही जास्त दिसली. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र या आया मागे पडल्या नाहीत.

असंच आकारमान वयात येतानाही कमी होतं. 2019 मध्ये सुझाना कार्मोना आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलींचे आणि नव्या आयांचे मेंदू शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींतला बदल एकाच वळणाचा निघाला. सोळा वर्षांच्या मुलीचा मेंदू ‘कमी’ झाला असं आपण म्हणत नाही, तो जाणता होतोय असं म्हणतो. एमआरआयमध्ये आकारमान दिसतं, एकेक पेशी दिसत नाही. तरीही बऱ्याच शास्त्रज्ञांचा कयास असा, की ही छाटणी असावी. कमी लागणारे दुवे मागे पडतात आणि कामाचे पक्के होतात. ऑक्टोबरात छाटलेली द्राक्षवेल उघडीबोडकी दिसते, म्हणून ती वाळली असं तासगावात कुणी म्हणणार नाही. आईच्या मेंदूबद्दल मात्र आपण तसं बिनदिक्कत म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

या बदलामागे हार्मोन्सचा लोट असतो. नऊ महिन्यांत शरीरात जेवढं इस्ट्रोजेन वाहतं, तेवढं गरोदरपण सोडून उरलेल्या सगळ्या आयुष्यातही वाहत नाही. कॅलिफोर्नियातल्या मेंदूशास्त्रज्ञ एलिझाबेथ क्रॅस्टिल यांनी स्वतःवरच हे तपासलं. गर्भधारणेच्या तीन आठवडे आधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्यांनी 26 वेळा मेंदूचं स्कॅन करून घेतलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ग्रे मॅटर महिन्यागणिक घटत गेलेलं दिसतं. त्याच काळात मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंची बांधणी मात्र आधी सुधारते आणि प्रसूतीच्या सुमारास पूर्वपदावर येते. पुढे 2025 मध्ये शंभरावर पहिलटकरणींचा अभ्यास आला. त्यात ही घट जवळपास पाच टक्क्यांपर्यंत गेलेली आणि प्रसूतीनंतर काही अंशी भरून येऊ लागलेली दिसली.

मग विसरभोळेपणा हा नुसता भास का? तसंही नाही, आणि ‘सगळं मनात आहे’ म्हणून बाईला उडवून लावणंही चूकच. 20 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाला. गरोदर स्त्रियांची स्मरणशक्ती, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, थोडी कमी भरली, पण बहुतेकींची ती सर्वसाधारण मर्यादेतच होती. त्यात बाळ झाल्यावर दर दोन तासांनी मोडणारी झोप. अशा झोपेवर आठवडे काढले तर कुणीही गाळणी फ्रीजमध्ये ठेवेल.

दुसरा समज याहून पक्का बसलेला आहे: माया बाईला उपजत, बापाचं काम कमावून आणायचं. इस्राएलमधल्या रुथ फेल्डमन यांच्या चमूने 2014 मध्ये 89 पालकांचे मेंदू तपासले. त्यात घरात आई नसलेली, दोन बापांनी बाळ वाढवणारी समलिंगी जोडपीही होती. बाळाची मुख्य काळजी घेणाऱ्या या बापांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका आणि भावना टिपणारा भाग, आईइतकाच जागा होता. सगळ्याच बापांमध्ये, जो बाळापाशी जास्त वेळ देई त्याच्या मेंदूत या भागाचे समाजभान सांभाळणाऱ्या भागाशी दुवे जास्त घट्ट होते. फिलिपिन्समधल्या सेबूत 624 तरुणांचा काही वर्षं माग ठेवला, तेव्हा बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरलेलं आढळलं. रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ बाळाचं करणाऱ्या बापांमध्ये ते आणखी कमी होतं. म्हणजे गर्भाशय नसलं तरी मेंदू आणि शरीर बदलतं, ते बाळाचं हातांनी करण्याने.

म्हणूनच आपल्या एका रीतीचा फेरविचार व्हावा असं मला वाटतं. बाळंतीण माहेरी जाते, तिला विश्रांती मिळते, डिंकाचे लाडू मिळतात. हे चांगलंच आहे. पण बाप बारशाला पाहुण्यासारखा येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. सरावाचे पहिले आठवडे त्याच्या हातून जातात, आणि पुढे ‘त्याला जमत नाही’ असं म्हणायला आपणच मोकळे होतो.

उलट बाजूने, बाळ कुशीत येताच पान्ह्याबरोबर माया दाटून आली नाही म्हणून कित्येक आया मनातल्या मनात स्वतःला दोष देतात. बऱ्याच जणींना त्यासाठी काही दिवस, काही आठवडे लागतात. त्यात काही वाईट नाही.

शेवटचा समज सर्वांत घातक: ‘बाळ झालंय, आता रडायला काय झालं?’ पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेक बाळंतिणींना होतं आणि आपोआप ओसरतं. ते त्यानंतरही राहिलं, तर तो आजार असू शकतो. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 270 आया पाहिल्या. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी या गोष्टी त्यामागे होत्या. बदलाच्या ऐन भरात असलेल्या मेंदूवर घर असं ओझं टाकतं.

हजारात एक-दोघींना बाळंतपणानंतर तीव्र मनोविकार होतो: झोप अजिबात उडते, भास होतात, असंबद्ध बोलणं सुरू होतं. ही बाहेरची बाधा नाही. अंगारा-धुपाऱ्यात एकही दिवस घालवू नका, त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्या. आणि दोन आठवडे उलटूनही घरातली बाळंतीण रडत असेल, गप्प झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. हा फोन तिच्या नवऱ्यानेही करावा.