व्यापारी संकेतस्थळ : उभारणी आणि विक्रय यांचा संबंध

व्यापारासाठी संकेतस्थळ काढावयाचे म्हणजे दोन स्वतंत्र कामे करावयाची, असा समज सर्वत्र रूढ आहे. पहिले काम स्थळ उभारण्याचे. ते तंत्रज्ञाकडे सोपवावयाचे. दुसरे काम त्याचा बोलबाला करण्याचे. ते जाहिरातकाराकडे द्यावयाचे. ही विभागणी हिशेबाच्या वहीत सोयीची असली, तरी ती वस्तुस्थितीला धरून नाही. ग्राहक दुकानात किती वेळ थांबतो, काय विकत घेतो आणि पुन्हा येतो की नाही, हे बहुतांशी उभारणीतच ठरून गेलेले असते. जाहिरात त्याला फार तर उंबरठ्यापर्यंत आणू शकते. या विधानाची कसोटी पाहण्यासाठी एकाच दशकातील दोन उद्योगांची तुलना उपयोगी पडते. एक अमेरिकेतील सिॲटल येथील ॲमेझॉन आणि दुसरा लंडन येथील बू डॉट कॉम.

दोन उद्योग

जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनचे संकेतस्थळ १६ जुलै १९९५ रोजी ग्राहकांस खुले केले. प्रारंभीचा माल केवळ पुस्तके हा होता आणि ही निवड विचारपूर्वक केलेली होती. छापलेल्या पुस्तकांची संख्या इतकी मोठी असते की, कोणतेही प्रत्यक्ष दुकान त्यांतील अल्पांशच मांडू शकते. शिवाय एका पुस्तकाची एक प्रत दुसरीसारखीच असल्यामुळे माल हाताळून पाहण्याची गरज उरत नाही. घाऊक विक्रेत्यांच्या वखारी व याद्या आधीपासूनच तयार होत्या. त्यामुळे मागणी आल्यावर पुस्तक मागवून पाठविणे शक्य झाले व मोठा साठा करण्यात भांडवल अडकून पडले नाही. स्थळाची पाने साधी, मुख्यतः मजकुराची होती. वाचकांचे अभिप्राय, ते प्रतिकूल असले तरीही, पुस्तकाच्या पानावर छापले जात. विक्रेत्यानेच आपल्या मालाविषयीचा प्रतिकूल शब्द दाखवावा, हे वरकरणी विपरीत वाटते. परंतु त्यामुळेच अनुकूल शब्दाला किंमत येते.

जुलै १९९६ मध्ये या उद्योगाने सहयोगी विक्रीची योजना सुरू केली. इतर संकेतस्थळांच्या चालकांनी आपल्या पानांवर पुस्तकाचा दुवा द्यावा आणि त्या दुव्यावरून विक्री झाल्यास दलाली घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. येथे जाहिरातीचा खर्च विक्रीनंतर होतो, विक्रीपूर्वी नव्हे. पुढे एकाच कळीने मागणी नोंदविण्याची रीत आली व तिला सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. १९९६ मध्ये १ कोटी ५७ लाख डॉलर असलेली विक्री १९९७ मध्ये १४ कोटी ७८ लाख डॉलरवर गेली. तथापि संपूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ मध्येच दिसला. विक्री वाढणे आणि नफा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या अंतरावरून ध्यानात यावे.

बू डॉट कॉमने वेगळी वाट धरली. फॅशनचे कपडे विकण्यासाठी हे स्थळ नोव्हेंबर १९९९ मध्ये उघडले. मूळ संकल्प त्याच वर्षीच्या मे महिन्याचा होता. तंत्र सिद्ध होण्याआधीच जाहिरातीची मोहीम मात्र सुरू झालेली होती. एकाच वेळी अनेक देशांत, अनेक भाषांत व अनेक चलनांत व्यापार करावयाचा, कपडा सर्व बाजूंनी फिरवून दाखवावयाचा आणि ‘मिस बू’ नावाच्या चित्ररूप सहायिकेने ग्राहकास सल्ला द्यावयाचा, अशी ही भव्य योजना होती. त्या काळी घरोघरी असलेला मोडेम सेकंदाला जास्तीत जास्त ५६ हजार बिट आणू शके. पाच लाख बाइटांचे, म्हणजे चाळीस लाख बिटांचे पान अशा मोडेमवरून उतरावयास सत्तर सेकंदांहून अधिक काळ लागे. दुकानाच्या दारात इतका वेळ कोण उभा राहील? मॅकिन्टॉश संगणक वापरणाऱ्यांना तर प्रारंभी दारच बंद होते. नको असलेला माल विनामूल्य परत घेण्याची चांगली सोय या दुकानाने ठेवली होती; परंतु अनेक ग्राहक तेथवर पोहोचलेच नाहीत. मे २००० मध्ये उद्योग परिसमापकांच्या हाती गेला. तोवर सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्ची पडले होते आणि नोकरवर्ग रस्त्यावर आला होता.

त्या वसंतात भांडवलबाजार कोसळला आणि नवे भांडवल मिळेनासे झाले, हेही या अपयशाचे एक कारण होय. परंतु मंदी सर्वांनाच सोसावी लागली. ज्याच्या दुकानात ग्राहक परत येत होते, त्याला धनकोंपुढे दाखविण्यासारखे काही होते. बूपाशी ते फारसे नव्हते.

शोधयंत्र आणि लिपी

संकेतस्थळ शोधून काढणारी यंत्रे आल्यावर उभारणी व प्रसिद्धी यांचे ऐक्य अधिकच स्पष्ट झाले. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका पानाने दुसऱ्याचा दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस मानली जाते. आणि जे पान स्वतः प्रतिष्ठित, त्याच्या शिफारशीचे वजन अधिक. यास्तव ज्या पानात इतरांना उपयोगी असा मजकूर आहे, त्याला शिफारशी आपोआप मिळतात.

मराठी संकेतस्थळांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २००० च्या सुमारास अनेक मराठी स्थळांनी स्वतःचे वेगळे टंक वापरले. त्यांत डोळ्यांना देवनागरी अक्षर दिसे, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले चिन्ह असे. परिणामी देवनागरीत शब्द लिहून शोधणाऱ्याला ती पाने सापडत नसत. युनिकोडचा स्वीकार झाल्यावरच हा पडदा दूर झाला. लिपीच्या संकेतनाची निवड हा वरवर पाहता केवळ तंत्राचा निर्णय. पण त्यावरच दुकान पेठेत आहे की पेठेबाहेर, हे ठरत होते.

जाहिरातीचा हिशेब

जाहिरात निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. गूगलने २००२ पासून जाहिरातींचा क्रम लावताना केवळ देऊ केलेली रक्कम न पाहता, ती जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किती जण तिच्यावर कळ दाबतात, हेही जमेस धरले. समजा, एक व्यापारी प्रत्येक कळीस १० रुपये देतो आणि शंभरांतील एकच जण कळ दाबतो. दुसरा ६ रुपये देतो, पण दोघे दाबतात. शंभर दर्शनांमागे पहिल्याकडून १० रुपये मिळतात, दुसऱ्याकडून १२. म्हणून कमी बोली लावणारा वर चढतो. अर्थात, जी जाहिरात वाचकाच्या गरजेशी जुळते, ती स्वस्तही पडते.

पुढचा हिशेब दुकानाच्या आतला आहे. प्रत्येकी ५ रुपये मोजून एक हजार पाहुणे आणले, तर ५००० रुपये खर्च होतात. त्यांपैकी दहा जणांनी खरेदी केली, तर प्रत्येक मागणीमागे ५०० रुपये पडतात. वीस जणांनी केली, तर २५०. जाहिरातीत एका पैशाचाही फरक न करता, केवळ पाने सुबोध व जलद केल्याने हा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. आणि जो ग्राहक दुसऱ्या वेळी स्वतःहून येतो, त्याच्यामागे हा खर्च जवळजवळ शून्य असतो.

शंकेचे निरसन

वस्तुतः दूरच्या खरेदीत ग्राहकाच्या मनात काही ठराविक शंका असतात. माल वर्णनाप्रमाणे असेल काय, पैसे बुडणार नाहीत ना, तक्रार कोणाकडे करावयाची, ह्या त्या होत. त्यांचे उत्तर मात्र देशकालानुसार बदलते. अमेरिकेत क्रेडिट कार्ड रुळलेले होते. तेथे गूढलेखनाची हमी बऱ्याच अंशी पुरेशी ठरली. भारतात तशी स्थिती नव्हती. बंगळूरू येथे २००७ मध्ये पुस्तकांच्या विक्रीने सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती आल्यावर रोख पैसे देण्याची सोय केली. विक्रेत्यास ही रीत महाग पडते, कारण परत येणाऱ्या मालाचा भार त्याच्यावरच असतो. पण येथल्या ग्राहकाच्या शंकेचे ते नेमके उत्तर होते.

लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याचे महत्त्व अधिक आहे. मोठा उद्योग काही कोटी गमावूनही उभा राहू शकतो. लहान व्यापाऱ्याचे भांडवल एकदाच खर्च होते. ते प्रथम जाहिरातीत गेले, तर अपुऱ्या दुकानाकडे गर्दी वळविल्यासारखे होते व निराश झालेला ग्राहक सहसा परत येत नाही. शिवाय शोधयंत्राचा किंवा जाहिरातीचा मार्ग परक्याच्या मालकीचा असतो. त्याचे नियम व दर उद्या बदलू शकतात. दुकानाचे नाव लक्षात ठेवून थेट येणारा ग्राहक हेच व्यापाऱ्याचे स्वतःचे म्हणावे असे धन होय. म्हणून माल, त्याचे प्रामाणिक वर्णन, जलद पान, सुलभ देवघेव व तक्रारीची दाद यांची तजवीज आधी आणि बोलबाला मागाहून, हाच क्रम हिताचा ठरतो.