बोटीवरचा किमोनो

योकोहामा बंदरात यामाशिता बागेला लागून 'हिकावा मारू' नावाची एक जुनी बोट कायमची नांगरून ठेवलेली आहे. १९३० साली पहिल्या सफरीवर निघालेली ही बोट एके काळी प्रशांत महासागर ओलांडून सिॲटलला जात असे. आज तिचे संग्रहालय झाले आहे. तिच्यातले पहिल्या वर्गाचे भोजनगृह पाहताना मनात आले, की या टेबलांभोवती बसलेल्या जपानी स्त्रीपुरुषांनी कोणता पोशाख करून यावे, हे त्या काळी कोणी ठरविले असेल?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. दुसऱ्याच दिवशी आम्ही उभयता त्याच बंदरातून एका प्रवासी बोटीने निघणार होतो, आणि हाती आलेल्या सूचनापत्रकात स्पष्ट लिहिले होते, की प्रवासातील दोन रात्री औपचारिक भोजनाच्या असून त्या दिवशी पाहुण्यांनी पूर्ण समारंभी पोशाखात यावे. पुरुषांनी काळा डिनर-सूट, स्त्रियांनी पायघोळ झगा. अथवा उभयतांनी आपापला राष्ट्रीय पोशाख. माझा बंद गळ्याचा कोट या शेवटच्या कलमाच्या आधाराने निभावून जाणार होता. पत्नीची पैठणी बॅगेत होती. परंतु जपानात येऊन जपानी वस्त्र ल्यावे अशी हौस तिला झाली, आणि आमच्या शिक्षणास तेथूनच प्रारंभ झाला.

भोजनासाठी निराळा पोशाख करण्याची रीत मूळची इंग्लंडमधील उच्चवर्गीयांची. तीच त्यांच्या बोटींबरोबर साऱ्या समुद्रांवर पसरली. जपानने ती स्वीकारली त्यामागे राजकारण होते. परकीयांशी झालेले विषम तह रद्द करून घ्यावयाचे, तर आपण त्यांच्या बरोबरीचे आहोत हे वेषानेही दाखविले पाहिजे, असे मेइजी काळातील धुरीणांना वाटले. १८७२ साली सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरविण्यात आला. १८८३ साली तोकियोत 'रोकुमेइकान' ही इमारत उभी राहिली आणि तेथे जपानी मंत्री व त्यांच्या स्त्रिया युरोपीय वेषात नृत्य करू लागल्या. १८८७ साली खुद्द सम्राज्ञींनी स्त्रियांना पाश्चात्त्य वेषाची शिफारस केली. तथापि सामान्य घरातील स्त्री आपल्या किमोनोतच राहिली. 'किमोनो' या शब्दाचा मूळ अर्थ 'अंगावर घालावयाची वस्तू' इतकाच. समोर परक्यांचा कपडा आला तेव्हाच आपल्या कपड्याला 'वाफुकू', म्हणजे जपानी पोशाख, असे वेगळे नाव द्यावे लागले.

याच काळात जपानी बोटी दूरच्या समुद्रांवर जाऊ लागल्या. 'हिकावा मारू' ज्या निप्पॉन युसेन कंपनीची, त्या कंपनीने आपली पहिली दूर पल्ल्याची नियमित वाहतूक १८९३ साली सुरू केली, ती कोबे आणि मुंबई या बंदरांमध्ये. जमशेटजी टाटा यांचा या योजनेत मोठा भाग होता, आणि जपानी गिरण्यांसाठी आपला कापूस या बोटींतून जात असे. वस्त्राच्या नात्याने आपण व जपान असे फार पूर्वीपासून एकमेकांना ओळखतो.

आता किमोनोची घडण पाहू. त्याचे कापड सुमारे बारा मीटर लांब आणि जेमतेम अडतीस सेंटीमीटर रुंद अशा पट्ट्याच्या रूपाने मिळते. त्याचे आठ सरळ तुकडे करावयाचे: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या बाजूस जोडावयाचे दोन आणि गळपट्टीचे दोन. कोठेही वाकडी कातर लागत नाही. म्हणून जुन्या पद्धतीने धुण्याच्या वेळी सगळी शिवण उसवून, तुकडे पुन्हा जोडून मूळचा लांब पट्टा तयार करता येतो. साडी न शिवता नेसतात आणि किमोनो शिवलेला असतो, हा भेद खरा. परंतु शरीराच्या मापाचा कपडा बेतावयाचा नाही, कपड्यालाच शरीरावर बसवावयाचे, हे दोहोंचे तत्त्व एकच. अधिक लांबी कंबरेशी दुमडून दोरीने बांधतात. आपल्याकडे साडीची जादा लांबी निऱ्यांत जिरते, तसेच हे. त्यामुळे आईचा किमोनो मुलीला होतो आणि क्वचित परक्या बाईलाही.

प्रवासात हे वस्त्र मोठे सोयीचे ठरते. शिवणीवर शिवण ठेवून घडी घातली म्हणजे एक सपाट आयत तयार होतो. तो खास कागदाच्या वेष्टनात ठेवून बॅगेच्या तळाशी घालावा. लहानशा केबिनमध्ये झग्यासाठी लागते तसे उंच कपाट त्याला लागत नाही. संध्याकाळी काढल्यावर मात्र तो लगेच मिटून ठेवू नये. समुद्राची हवा दमट असते. रात्रभर दांडीवर पसरून वारा देणे इष्ट.

पत्नीने योकोहामाच्या दुकानातून निळ्या-पांढऱ्या नक्षीचा एक सुती अंगरखा घेतला होता. पहिल्या औपचारिक रात्री तो घालून आम्ही केबिनींमधल्या बोळातून निघालो. समोरून एक वृद्ध जपानी बाई येत होत्या. फिकट जांभळ्या रेशमाचा किमोनो, रुपेरी पट्टा, पांढरे मोजे. त्या थबकल्या, हसल्या आणि अत्यंत मृदू इंग्रजीत म्हणाल्या, "क्षमा करा, पण आपण एक मिनिट माझ्या केबिनमध्ये याल का?"

त्या एका मिनिटात दोन चुका कळल्या. पहिली अशी, की पत्नीने हाताला येईल तसा उजवा भाग डाव्यावर आणला होता. जपानात असे वस्त्र फक्त मृताला घालतात. जिवंत माणसाने, स्त्री असो वा पुरुष, डावा भाग उजव्यावर घ्यावयाचा; इ. स. ७१९ मध्ये राजाज्ञेने ठरलेला हा नियम आजपर्यंत मोडलेला नाही. दुसरी चूक अशी, की तो अंगरखा 'युकाता' होता. युकाता हे मूळचे स्नानानंतरचे वस्त्र. उन्हाळ्यातील जत्रेत, दारूकामाच्या रात्री तो शोभतो. मेजवानीला मात्र तो घालून जाणे म्हणजे पंचा नेसून पंक्तीत बसण्यासारखे. पत्नीचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "आपण जपानी नाही म्हणून मी थांबवले नाही. माझ्या नातीलाही मी असेच थांबवले असते." त्या रात्री पैठणीनेच आमची लाज राखली.

पुढचे चार दिवस दुपारच्या चहाला या बाईंचा सहवास लाभला. त्यांच्याकडून जे समजले त्याचे सार असे, की किमोनोलाही व्याकरण आहे, आणि ते प्रसंगाचे व्याकरण आहे.

सर्वांत वरच्या पायरीवर विवाहित स्त्रीचा काळा 'कुरोतोमेसोदे'. त्यावर कुलचिन्हे पाच, आणि नक्षी केवळ कंबरेखाली. लग्नात वराची व वधूची आई तो घालते. मेजवानीच्या टेबलाशी मात्र त्याची सारी नक्षी टेबलाखाली झाकली जाते. अविवाहित मुलीच्या 'फुरिसोदे'च्या बाह्या मीटरभर लोंबतात. सूपाच्या वाट्यांमधून त्या सांभाळणे हे तरुणपणाचेच काम. म्हणून बोटीवरील औपचारिक रात्रीला सर्वांत योग्य तो 'होमोंगी', म्हणजे 'भेटीला जाण्याचे वस्त्र'. याची नक्षी शिवणी ओलांडून खांद्यावर व बाहीवर अखंड चालते, आणि त्यामुळे बसलेल्या स्त्रीच्या अंगावरही ती दिसते. एकरंगी किमोनोवर एक कुलचिन्ह असेल तर तोही चालतो. पुरुषांसाठी पाच कुलचिन्हांचा काळा रेशमी किमोनो, त्यावर हाओरी नावाचा अंगरखा आणि पट्ट्यापट्ट्यांचा घेरदार हाकामा. हा पोशाख काळ्या डिनर-सूटच्या बरोबरीचा गणला जातो.

येथे किमतीचा संबंध नाही, हे विशेष. हाताने काढलेल्या सुतापासून विणलेले 'युकी त्सुमुगी' हे रेशीम युनेस्कोच्या वारसायादीत २०१० साली गेले. त्याचा किमोनो फार महाग असतो. तरीही त्सुमुगी हे मूळचे रोजच्या वापराचे जाडसर कापड; म्हणून मेजवानीला ते चालत नाही. किमोनो रंगवून नक्षी उठवलेला असेल तर तो वरचा, विणून नक्षी काढलेला असेल तर खालचा. कंबरेच्या ओबीचा नियम नेमका उलटा: तेथे विणलेला वरचा. श्रीमंती निराळी आणि औचित्य निराळे, हा विवेक एका समाजाने कापडातून शिकविला आहे.

बोटीवर या व्याकरणाला एक अडचण येते, ती ऋतूची. ऑक्टोबरपासून मेपर्यंत अस्तराचा किमोनो, जून व सप्टेंबरात बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टात जाळीदार विणीचा, असे हे पंचांग आहे. परंतु जानेवारीत योकोहामाहून निघालेली बोट आठवड्याभरात उष्ण कटिबंधात शिरते. मग पंचांग पाळावे की घाम पुसावा? बाई हसून म्हणाल्या, "किमोनो अस्तराचाच घालते, मात्र आतले वस्त्र पातळ घेते. पंचांगाचा मान राहतो आणि माझा जीवही." या आतल्या वस्त्राला 'जुबान' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी जपानात नेला आणि त्याचे मूळ अरबी 'जुब्बा'त आहे. आपला झब्बाही त्याच कुळातला.

शेवटच्या औपचारिक रात्री बाईंनी आपला एक राखाडी होमोंगी पत्नीला नेसविला. पाच-सहा दोऱ्या, दोन पट्ट्या, एक लहान उशी आणि चार मीटरांहून लांब ओबी; चाळीस मिनिटे लागली. मग सूचना आल्या. जिना चढताना उजव्या हाताने पुढचा काठ किंचित उचलावा. पेल्याकडे हात नेताना दुसऱ्या हाताने बाही धरावी. खुर्चीला टेकून बसू नये, पाठीवरची गाठ चुरगळते. त्या रात्री समुद्र थोडा खवळलेला होता. सारे भोजनगृह डोलत असताना या दोघी ताठ बसून होत्या. एक सत्तरी ओलांडलेली, दुसरी तिचे पाहून शिकणारी.

परक्याने हे वस्त्र घालावे काय, यावर अलीकडे पुष्कळ वाद होतात. २०१९ साली एका अमेरिकन उद्योजिकेने आपल्या अंतर्वस्त्रांना 'किमोनो' हे नाव देण्याचे जाहीर केले, तेव्हा क्योतोच्या महापौरांनी पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली, आणि ते नाव मागे घेण्यात आले. त्यांचा आक्षेप परक्याने किमोनो घालण्याला नव्हता. सर्वांच्या मालकीच्या एका नावावर कोणी हक्क सांगावा, याला होता. आमच्या बाईंचा बोळातला आक्षेपही याच जातीचा. वस्त्र कोणीही ल्यावे. मात्र त्याला विचारून ल्यावे.

मला मात्र त्या सूचनापत्रकातील 'राष्ट्रीय पोशाख' हे दोन शब्द राहून राहून आठवतात. आपल्या देशात एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना केवळ वेष्टी नेसल्यामुळे चेन्नईच्या एका क्लबात प्रवेश नाकारला गेला, आणि असा मज्जाव बंद करण्यासाठी तामिळनाडूला कायदा करावा लागला, तो २०१४ साली. साहेब जाऊन सदुसष्ट वर्षे झाल्यावर! नियम करणाऱ्याने आणखी एक ओळ लिहिली, तर परक्याची रीतही सर्वांची होऊ शकते. सरकारी कागदांत उभी हयात काढणाऱ्या मला अशा एका ओळीचे मोल ठाऊक आहे.

बोट सोडताना पत्नीने तो निळा युकाता बाईंना दाखवून विचारले, "आता याचे काय करू?" त्या म्हणाल्या, "घरी न्या. उन्हाळ्यात स्नानानंतर घाला." मग स्वतःच्या छातीवरून हात फिरवून त्यांनी पुन्हा दाखविले: डावा भाग वर.