त्याला काय कळतंय!

ज्या घरात तीव्र बहुविकलांग मूल आहे, त्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतेच. माझा भाचा शुक्रवार पेठेत आमच्याच घरी वाढला. त्याची मान सावरत नाही, बोलता येत नाही, नजर एका जागी ठरत नाही. भरवणे, स्वच्छता आणि औषधे यांत दिवस जाई. उरलेला वेळ तो छताकडे तोंड करून पडून असे. आम्ही त्याची हेळसांड केली नाही. पण त्याच्याशी बोलायची भाषाच आम्हाला ठाऊक नव्हती. ती भाषा इंद्रियांची आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सर्वसाधारण बाळ रांगत जाते, वस्तू चाखते, आपटते आणि त्यातून शिकते. ज्याला हलताच येत नाही, त्याच्यापर्यंत जग नेऊन द्यावे लागते. स्पर्श, वास, चव, नाद आणि प्रकाश यांच्या जोडीला आणखी दोन जाणिवा आहेत : आतील कानामुळे कळणारा तोल आणि स्नायू-सांध्यांना जाणवणारी शरीराची स्थिती व हालचाल.

१९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये यान हुल्सेखे आणि आड फेरहूल यांनी अशा व्यक्तींसाठी मंद प्रकाश, संगीत, सुगंध आणि मऊ बैठकीच्या खोल्या तयार केल्या. या पद्धतीला ‘स्नूझलेन’ म्हणतात. आपल्याकडे मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, तर डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. अशा संस्थांमुळे या मुलांनाही शिकवता येते, हा विश्वास रुजला.

महागडी खोली नसली तरी अडत नाही. सोलापूरच्या घरात काय कमी आहे? जाड चादर आणि मऊ टॉवेल यांचा वेगवेगळा स्पर्श, भाकरी थापण्याचा आवाज, शेंगाचटणीतल्या लसणाचा वास, पितळी वाटीवर चमच्याचा नाद, परातीतल्या कोमट पाण्यात बुडवलेला हात, ही सारी साधनेच आहेत.

मात्र काही पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच अनुभव द्यावा. रेडिओ, दूरदर्शन बंद असावे. आधी सांगावे, मग स्पर्श करावा. हात धरून बळजबरी करू नये. नंतर थांबावे, कारण प्रतिसाद यायला बराच वेळ लागू शकतो. रोज तीच वेळ, तोच क्रम ठेवावा, म्हणजे पुढे काय येणार हे त्याला उमगू लागते. फिट येत असल्यास लुकलुकणारे दिवे टाळावेत. आडवे असताना तोंडात काही घालू नये. गिळण्याचा त्रास असल्यास चव देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कसे बसवावे, झोका द्यावा की नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्यावे.

आम्ही एक वही घातली. काय दिले, त्याने काय केले, एवढेच लिहायचे. काही आठवड्यांत वहीच बोलू लागली. भाकरीच्या आवाजाला तो हात-पाय हलवायचे थांबवून ऐकतो. अत्तराचा बोळा जवळ नेला की तोंड फिरवतो. हे तोंड फिरवणे म्हणजे त्याचे ‘नको’. इतकी वर्षे तो ते म्हणत असेल आणि आम्ही पाहिलेच नसेल, या विचाराने बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने ‘नको’ म्हटले की थांबायचे, हा नियम तेव्हापासून घरात आहे.

बँकेत काम करणारा म्हणून एक गोष्ट सांगतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घेता येते. खाते चालवताना ते उपयोगी पडते.

या उपक्रमांनी भाचा चालू-बोलू लागला नाही, तसा दावाही नाही. पण तो आता नुसता पडून नसतो. तेव्हा बंधू-भगिनींनो, ‘त्याला काय कळतंय’ म्हणण्याआधी त्याच्याजवळ दहा मिनिटे शांत बसून पाहा. काय कळतंय, ते तोच सांगेल.