डोळ्यांनी जोखायचा ताण

दा विंची रोबोट चालवणारा सर्जन रुग्णाजवळ उभा नसतो. त्याच खोलीत काही फुटांवर, कन्सोलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळत असल्याने पोटाच्या आतला भाग त्याला खोलीसकट दिसतो. बोटांची हालचाल आतले चिमटे लहान करून गिरवतात आणि हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं. अमेरिकेत २००० साली परवानगी मिळालेल्या या यंत्राने सर्जनला बरंच दिलं आणि एक गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे स्पर्श.

नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येही लांब दांड्यातून बोटांना थोडंफार कळतं. इथे जवळजवळ काहीच नाही. टाका जास्त ओढला तर धागा तुटतो, कमी ओढला तर गाठ सैल राहते आणि हात मात्र गप्प. ताण मोजणारा सेन्सर चिमट्याच्या टोकाशी बसवायचा तर जागा काही मिलिमीटरची, शिवाय त्याने निर्जंतुकीकरणाची उष्णता सोसायची. तो जोर हातापर्यंत परत आणताना जरा उशीर झाला, तर यंत्र स्वतःच थरथरू लागण्याची भीती.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ॲलिसन ओकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. हाताला कळत नाही ना, मग डोळ्यांना सांगू. चित्रातल्या चिमट्यांवरच त्यांनी रंगीत ठिपके काढले. ओढ वाढली की ठिपक्याचा रंग बदलणार. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात रोबोटला नवख्या असलेल्या सर्जनांकडून धागे कमी तुटले, जोरही कमी लागला. मुरलेल्या सर्जनांत मात्र फरक पडला नाही.

मला या प्रयोगातला हा दुसरा निष्कर्ष अधिक बोलका वाटतो. धागा सरळ कसा होतो, ऊती कुठे पांढुरकी पडते, कडा किती दबते, हे सगळं पडद्यावर आधीपासून होतंच. अनुभवी डोळा ते वाचायला आपणहून शिकला होता. ठिपका त्याला नवीन काही सांगत नव्हता.

२०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये काही खास अवजारांपुरता तरी हा जोर हाताला जाणवू लागला. म्हणून पडद्यावरच्या खुणा निकालात निघाल्या असं नाही. सर्जन आणि रुग्ण यांच्यातलं अंतर वाढलं की चित्रच उशिरा येतं. २००१ च्या सप्टेंबरमध्ये जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय काढलं, तेव्हा हात हलवल्यापासून दिसेपर्यंत सुमारे १५५ मिलिसेकंद जात होते, तेही खास राखलेल्या लाइनवर. उशीर याहून फार वाढला, तर यंत्राचा हात पुढच्या क्षणी कुठे असेल ते रेघांनी आधीच काढून दाखवायचं, ही कल्पना अंतराळातल्या यंत्रांसाठी कधीच वापरून झाली आहे.

सीटी स्कॅनमधून केलेली अवयवाची प्रतिकृती जिवंत चित्रावर चढवणं मात्र अजून कठीण आहे. कवटी जागची हलत नाही. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं असतं, श्वासागणिक यकृत सरकतं, कापलं की आकार बदलतो. शिवाय नजर गुंतते, ती वेगळीच. टोरांटोच्या संशोधकांनी मृतदेहावर सायनसच्या दुर्बिणीचा प्रयोग केला. ज्यांच्या चित्रावर खुणा काढलेल्या होत्या, ते सर्जन नेम साधण्यात सरस ठरले. पण समोर ठेवलेली अनपेक्षित वस्तू त्यांच्यापैकी बहुतेकांना दिसलीच नाही.

प्रत्यक्ष थिएटरमध्ये सर्वांत रुळलेली भर या मानाने साधी आहे. आयसीजी हे रंगद्रव्य शिरेतून देतात आणि अवरक्त प्रकाशाखाली जिथे रक्त पोचतं तो भाग पडद्यावर हिरवा दिसतो. मूत्रपिंडाचा तुकडा काढताना धमनीची फक्त एक फांदी बंद केली, तर तिच्या वाट्याचा भाग अंधारा राहतो आणि कुठे कापायचं ते कळतं. अवयवासोबतच हलत असल्याने हे चित्र जागेवर बसवण्याचा प्रश्नच येत नाही. सर्जन कन्सोलवरूनच ते चालू करतो, सीमा पाहून घेतो, बंद करतो आणि साध्या चित्रावर कापायला लागतो.