पांढरी किती, काळी किती?

दख्खनच्या पठारावरील कोणतेही जुने गाव पाहिले, तर त्याच्या रचनेतील एक गोष्ट प्रथम नजरेत भरते. घरे सगळी एके ठिकाणी, भिंतीला भिंत लागून; आणि वेशीबाहेर पाऊल टाकले की शिवार सुरू होते. वस्तीच्या जागेस पांढरी आणि पिकाच्या जमिनीस काळी म्हणण्याचा प्रघात त्यातूनच पडला. माणसांनी पांढरीत दाटीने राहावे आणि काळी पिकासाठी मोकळी ठेवावी, हा या रचनेचा अर्थ होता. दाटीचे तोटेही होतेच. आग, रोगराई, सांडपाणी यांचा त्रास पांढरीने पुष्कळ सोसला, हे विसरून जुन्या गावाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तथापि काळीचा एक बांधही घरासाठी मोडताना गाव दहा वेळा विचार करी, हे खरे.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत ही सीमारेषा आता पुसट होत चालली आहे. महामार्गाने शिरवळपासून पेठेपर्यंत प्रवास करणाऱ्यास उसाच्या फडात मधेच उभे राहिलेले घर, मधेच कुंपण घातलेला रिकामा तुकडा, पुन्हा ऊस आणि पुन्हा कुंपण असे दृश्य जागोजागी दिसते. घरे बांधू नयेत असे कोणी म्हणणार नाही. कुटुंबे वाढली, नोकरीनिमित्त माणसे शहरालगत आली, त्यांना निवारा हवाच. प्रश्न इतकाच की, तेवढ्याच घरांसाठी किती काळी खर्ची घालावयाची?

या प्रश्नाची एक बाजू सांगलीकरांस नव्याने सांगावयास नको. गुंठेवारी हा शब्द तेथे घरोघरी ठाऊक आहे. एकराचे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फुटांचा तुकडा. शहरालगतच्या शेतकऱ्यास पैशाची निकड असते, हमालास वा कारखान्यातील कामगारास डोक्यावर छप्पर हवे असते, आणि मुद्रांकाच्या कागदावर गुंठ्यागुंठ्याने शेत विकले जाते. रेखांकन नसते, गटार नसते, रस्ता विकणाऱ्याच्या तोंडी वचनापुरता असतो. १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा अशा वस्त्या तिच्या पदरात पडल्या. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारीविषयी स्वतंत्र अधिनियम करून १ जानेवारी २००१ पर्यंतचे असे भूखंड नियमित करण्याची सोय केली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. शामरावनगरसारख्या सखल भागात मात्र पावसाचे पाणी साचण्याची तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. कागद नियमित झाला म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही.

येथे दोष लहान भूखंडाचा आहे असे पुष्कळांस वाटते. ते बरोबर नाही. एक-दोन गुंठ्यांत चार माणसांचे कुटुंब नेटकेपणाने राहू शकते. जुन्या पांढरीत याहून लहान जागेत पिढ्या नांदल्या. दोष असा की, भूखंड लहान केल्याने जी जमीन वाचावयास हवी होती ती वाचलीच नाही. तिच्यावरही भूखंड पाडले गेले. ओढ्याचे पात्र, पाणंद, विहिरीभोवतीची जागा, सारे गुंठ्यांत मोजले गेले. लहान भूखंडाची सवलत घेतली आणि तिच्या बदल्यात काहीच दिले नाही, असा हा एकतर्फी व्यवहार झाला.

दुसरी बाजू नेमकी याच्या उलट आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रादेशिक योजनेतील शेती विभागात शेतघर बांधावयाचे तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर जमीन लागते. नियमाचा हेतू चांगला आहे. घरांची संख्या थोडी राहावी आणि शेती टिकावी, यासाठी तो केलेला आहे. पण प्रत्यक्षात काय घडते ते गणिताने पाहावे. समजा, ओढ्याकाठी दहा एकर सलग काळी जमीन आहे आणि तीत दहा कुटुंबांस घरे बांधावयाची आहेत. प्रत्येकाने एक एकर घेतला, मधोमध घर बांधले, चोहोबाजूंनी भिंत घातली. घराखाली जागा दोन गुंठ्यांहून अधिक गेली नाही. परंतु उरलेल्या अडतीस गुंठ्यांत ना धड पाट जातो, ना ट्रॅक्टर वळतो. थोडी नारळाची झाडे, थोडी हिरवळ, एक कूपनलिका. दहा एकरांची शेती कागदोपत्री शिल्लक राहते आणि शिवारातून नाहीशी होते.

आता तीच दहा घरे दोन-दोन गुंठ्यांच्या भूखंडांवर, जमिनीच्या मुरमाड कोपऱ्यात एकत्र बांधली असे धरा. घरांस वीस गुंठे, रस्ता व गटार यांस आणखी दहा गुंठे, मिळून तीस गुंठे. चारशे गुंठ्यांतून तीस वजा जाता ३७० गुंठे, म्हणजे ९ एकर १० गुंठे जमीन सलग राहते. एकरी ४० टन ऊस धरला तरी ती ३७० टनांची जमीन झाली. घरे तितकीच, माणसे तितकीच. विजेचे खांब आणि पाण्याची नळवाहिनी मात्र पुष्कळच कमी लागतात.

भूखंड लहान करण्याची मुभा द्यावी आणि तिच्या बदल्यात उरलेली जमीन कायमची मोकळी राहील असे बंधन घ्यावे, हा विचार नगररचनेत अन्यत्र रुजलेला आहे. वॉशिंग्टन शहरालगतच्या माँटगोमेरी परगण्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे १९७३ मध्ये ग्रामीण भागात पाच एकरांस एकच घर असा नियम झाला, आणि शेते पाच-पाच एकरांच्या बंगल्यांत तुटू लागली. म्हणून १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकरांच्या शेतीपट्ट्यात पंचवीस एकरांस एक घर अशी मर्यादा घातली गेली. शेतकऱ्याचे नुकसान होऊ नये यासाठी त्यास दर पाच एकरांमागे एक विकास हक्क देण्यात आला. तो हक्क दाट वस्तीसाठी राखलेल्या भागातील बांधकामासाठी विकता येतो आणि जमीन शेतीतच राहते. आपल्याकडे शहरांत आरक्षणाखालील जागेच्या मोबदल्यात जो हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो, त्याचीच ही शेतातली आवृत्ती म्हणता येईल.

मात्र या व्यवस्थेचा सारा आधार एका अटीवर आहे: घरांची एकूण संख्या आधी ठरलेली पाहिजे. ती ठरली नसेल, तर भूखंड लहान करण्याची मुभा म्हणजे केवळ अधिक भूखंड पाडण्याची मुभा होय. सांगलीच्या गुंठेवारीने हे पुरते दाखवून दिले आहे. त्यामुळे ही सवलत सरसकट कोठेही द्यावी असे म्हणणे धोक्याचे ठरेल. शेती विभागासारख्या, जेथे आधीच मर्यादा आहे अशा ठिकाणी मात्र तिचा विचार अवश्य व्हावा.

कोणती जमीन वाचवावी, हे ठरविताना शेतकऱ्याचे ज्ञान नकाशाहून मोलाचे ठरते. भारी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर साधा पाया घातला तर भिंतींना तडे जातात. मुरमाड माळावर पाया पक्का बसतो, पीक मात्र बेताचे येते. घरासाठी चांगली ती शेतीसाठी हलकी आणि शेतीसाठी चांगली ती घरासाठी वाईट, अशी निसर्गानेच वाटणी करून ठेवली आहे. तरीही विक्रीच्या वेळी सपाट, पाण्याजवळची काळीच आधी खपते, हे दुर्दैव होय. हरिपूरची हळदीची पेवे ही अशाच एका विशिष्ट मातीची देणगी. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद टिकून राहते, कारण तेथील माती तशी आहे. २००५ च्या महापुराने पेवांची मोठी हानी केली. त्या मातीवर उद्या घरे उभी राहिली, तर दुसरीकडे पेव खणून काम भागणार नाही.

नदीकाठचा विचार तर याहून निकडीचा आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूररेषेच्या आत येणाऱ्या जमिनीवर बांधकामास निर्बंध आहेत, आणि मालकास ते अन्यायाचे वाटतात. एका खातेदाराची निम्मी जमीन निळ्या रेषेच्या आत व निम्मी बाहेर असेल, तर बाहेरील भागात भूखंड लहान व घरे दाट ठेवण्याची मुभा त्यास मिळाली पाहिजे. आतील भागात गवत, ऊस वा वैरण पिकवून तो पुराचे पाणी पसरावयास जागा देतो. ही जागा दिल्याचा मोबदला त्याला मिळणे न्यायाचे आहे.

जे पाणी सांगलीत शिरते ते साताऱ्याच्या डोंगरांतून येते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आणि तेथे जमिनीच्या वापरातील बदलावर निर्बंध आले. कास पठारास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसास्थानाचा मान मिळाला. सातारा शहरास पाणी पुरविणारा कास तलावही त्याच डोंगरावर आहे. उतारावर घरापेक्षा घराकडे जाणारा रस्ता अधिक घातक असतो. दहा विखुरलेल्या घरांस दहा वाटा डोंगरात कोराव्या लागतात. प्रत्येक वाटेच्या वरच्या अंगाची माती पावसात सुटते आणि ओढ्याने तलावाकडे जाते. तीच घरे एका टप्प्यावर एकत्र आली, तर एकच रस्ता पुरतो.

सलग दहा एकर जमीन या दोन जिल्ह्यांत एका खातेदाराकडे क्वचितच असते, ही अडचण कोणीही दाखवील. ती खरी आहे. त्यासाठी शेजारच्या चार-पाच खातेदारांनी एकत्र येऊन एकच आराखडा करावा लागेल. बांधावरून भांडणारी माणसे हे कसे करतील, असे विचारणाऱ्यांनी कृष्णाकाठच्या उपसा जलसिंचन संस्थांकडे पाहावे. एका मोटारीवर आणि एका नळवाहिनीवर अनेकांची शेते भिजविण्याचा हिशेब या भागातील शेतकऱ्यांनी सांभाळलेला आहे. त्यापुढे भूखंडांचा हिशेब अवघड नाही.

अधिक अवघड प्रश्न वाचलेल्या जमिनीचा आहे. ती कोणाची? सगळ्यांची म्हणून ठेवली, तर तिचे गायरान होण्यास वेळ लागणार नाही. गायरानांवर किती अतिक्रमणे झाली हे गावोगाव ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयास २८ जानेवारी २०११ च्या निकालात ग्रामसमाजाच्या जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश राज्यांना द्यावे लागले. यास्तव मोकळी जमीन मूळ शेतकऱ्याच्याच नावे राहावी, त्याने ती कसावी, आणि तिच्यावर बांधकाम होणार नाही हे बंधन सातबाराच्या इतर हक्कांत नोंदलेले असावे, हे अधिक व्यवहार्य दिसते. ज्याची जमीन त्यालाच राखणीची काळजी असते.

नवा नियम होईपर्यंतही काही गोष्टी आजच्या चौकटीत करता येतात. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनींस महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड अन्वये बिगरशेतीची सुलभ सोय आहे. घर बांधावयाचे तर शिवारात दूर जाण्याऐवजी पांढरीला लागून बांधणे त्यामुळे सोपे झाले आहे. ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. ही जागा बहुधा विकली न जाणारी, कोपऱ्यातली, तिरकी अशी निवडली जाते. तीच ओढ्याच्या काठाने सलग पट्ट्यात सोडली, तर पाण्याची वाट शाबूत राहते आणि भूखंड एकही कमी होत नाही.

रॅन्डल अरेन्ट या अमेरिकन नगररचनाकाराने १९९६ च्या आपल्या पुस्तकात आराखड्याचा जो क्रम सुचविला आहे, तो आपल्याकडील रीतीच्या अगदी उलट आहे. आधी राखावयाची जमीन नकाशावर दाखवावी, मग घरांच्या जागा ठरवाव्यात, त्यानंतर रस्ता आणि सर्वांत शेवटी भूखंडांच्या रेषा. आपल्याकडे मोजणीदार प्रथम रेषाच ओढतो. त्यातही जमीन दाखविण्याचे काम बहुधा चैत्र-वैशाखात होते, जेव्हा ओढा कोरडा असतो आणि सखल वाफाही माळासारखा कठीण दिसतो. ज्या खातेदारांस रेखांकन करावयाचे आहे, त्यांनी आषाढ-श्रावणात एकदा आपले शेत पायांखाली घालावे, पाणी कोठून येते व कोठे थांबते तेथे खुणेचे दगड रोवावेत, आणि हे दगड नकाशावर आल्याखेरीज कोणत्याही आराखड्यावर सही करू नये.