सुटलेल्या पेशीचं काय होतं?

खोपटच्या स्थानकातून निघालेल्या एसटीत उभा असलेला माणूस वरचा दांडा धरतो. हात सुटला तर फार तर शेजाऱ्याच्या अंगावर जाईल. त्याच्या आतड्याच्या अस्तरातली पेशीही खालचा थर धरून असते. तिची पकड सुटली की ती मरते. कुणी मारत नाही, ती स्वतःच स्वतःला संपवते.

या मरणाला अनॉइकिस म्हणतात. १९९४ साली स्टीव्हन फ्रिश आणि हंटर फ्रान्सिस यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी बशीच्या तळाला चिकटू न देता द्रवात तरंगत ठेवल्या. अन्न होतं, ऊब होती. तरी काही तासांत त्या मरू लागल्या.

कमी पडला तो निरोप. पेशीच्या आवरणात इंटिग्रिन नावाची प्रथिनं आरपार रुतलेली असतात. बाहेरून ती कोलॅजन, फायब्रोनेक्टिनचे धागे पकडतात, आतून पेशीच्या सांगाड्याशी जोडलेली असतात. पकड आहे तोवर ‘जग’ हा निरोप आत जात राहतो. तो थांबला की बिमसारखी मारक प्रथिनं डोकं वर काढतात, मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पडतात आणि कॅस्पेज नावाची विकरं पेशीला आतून कापत सुटतात. मरणाची सामग्री आधीपासून घरातच. जगणं म्हणजे त्या शिक्षेला रोज मिळणारी स्थगिती!

पुण्याच्या आयसरमधल्या नागराज बालसुब्रमण्यन यांच्या गटाने २०१८ साली आणखी एक गंमत दाखवली. पकड सुटली की पेशीतला गॉल्जी पिंड विस्कटतो, आणि पुन्हा तळ मिळाला की सावरतो.

लहान आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं, म्हणजे आपल्या पोटात हे मरण अखंड चालू असतं. रक्तातल्या पेशींना अर्थात ही अट नाही. तरंगणं हेच त्यांचं काम.

अट इतकी कडक का? सुटलेली पेशी भलत्या जागी रुजू नये म्हणून. फ्रिश-फ्रान्सिस यांच्याच प्रयोगात रास हे कर्कजनुक घातलेल्या पेशी तरंगत असूनही जगल्या. तोंडाचा कर्करोग मानेच्या गाठींत उतरतो, तेव्हा वाटेत मरायला हवी होती अशी एखादी पेशी तगलेली असते. प्रयोगशाळेत हा फरक ओळखायची साधी युक्ती १९६४ पासून आहे: पेशी मऊ अगारमध्ये अधांतरी ठेवायच्या. निरोगी असतील तर वाढत नाहीत. कर्करोगाच्या असतील तर पुंजके धरतात.