झेंडूचा केशरी कुठे गेला?

दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारात काढलेला फोटो. ताडपत्रीवर ओतलेला झेंडूचा ढीग आणि त्यातलं एक फूल अगदी जवळून. प्रत्येक पाकळीच्या कडेला बारीक चुणी, चुणीत अडकलेला दवाचा थेंब, आत खोलवर तांबूस सावली. घरी येऊन लॅपटॉपवर उघडला तर फूल आजारी दिसत होतं. पिवळट, उतरलेलं. मी सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे सरकवला. मग आणखी थोडा. मग फक्त केशरी रंगापुरता वेगळा वाढवला. बाजारात पाहिलेला रंग परत आला असं वाटलं, तेव्हा थांबलो आणि १२ बाय १८ इंचांची प्रिंट टाकली.

हातात आला तो केशरी रंगाचा गोळा. चुण्या नाहीत, थेंब नाही, सावली नाही. तावातावाने लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने शांतपणे माझी फाइल त्यांच्या मॉनिटरवर उघडली. तिथेही गोळाच होता.

फोटो बिघडला होता माझ्याच टेबलावर. लॅपटॉपची स्क्रीन रंग फिका दाखवत होती. मी त्या फिकेपणावर औषध दिलं आणि ते धडधाकट फाइलला लागू पडलं. एडिटिंगमध्ये स्क्रीनचा दोष स्क्रीनपुरता राहत नाही, तो उलटा होऊन फोटोत उतरतो. फिक्या स्क्रीनवर केलेला फोटो भडक होतो. निळसर स्क्रीनवर केलेला पिवळट होतो. जास्त उजळ स्क्रीनवर केलेल्या फोटोची प्रिंट काळवंडून येते. म्हणून फोटोसाठी लॅपटॉप निवडताना प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड या सगळ्यांच्या आधी स्क्रीनची चौकशी व्हायला हवी. दुकानात मात्र तिच्याबद्दल ‘फुल एचडी आहे’ एवढंच सांगतात आणि आपणही मान डोलावतो.

फुल एचडी म्हणजे ठिपके किती, याचा हिशेब: आडवे १९२० आणि उभे १०८०. रंगांबद्दल त्यात एक अक्षरही नाही. आणि रंगांची गंमत अशी की स्क्रीनला केशरी प्रकाश तयारच करता येत नाही. तिच्याकडे लाल, हिरवा आणि निळा असे तीनच दिवे. लाल भरपूर आणि हिरवा बेताचा मिसळला की आपल्या डोळ्याला केशरी भासतो. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात, म्हणून ही युक्ती चालते.

पण तीन दिव्यांतून सगळेच रंग मिळतात का? १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे हे तपासलं. दोघांचे मिळून प्रयोगाला बसलेले लोक अवघे १७. समोर प्रकाशाचं एक छोटं क्षेत्र, त्याचे दोन भाग. एका भागात एकाच तरंगलांबीचा शुद्ध रंग, दुसऱ्या भागात लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचं मिश्रण. दोन्ही भागांमधली रेघ पुसली जाईपर्यंत बसणाऱ्याने तिन्हींचं प्रमाण बदलत राहायचं. निळसर हिरव्या छटांपाशी एक विलक्षण गोष्ट घडली: काही केल्या रेघ पुसली जाईना. शेवटी लाल प्रकाश पलीकडच्या शुद्ध रंगात मिसळला तेव्हा कुठे जुळणी झाली. म्हणजे मिश्रणात लाल चक्क वजा धरावा लागला. उणे प्रकाश देणारा दिवा जगात नाही, त्यामुळे कुठल्याही तीन दिव्यांच्या स्क्रीनवर काही रंग कायमचे आवाक्याबाहेर राहणार, हे तिथेच ठरलं.

याच मोजमापांवरून १९३१ साली माणसाला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा तयार झाला. घोड्याच्या नालेसारखा त्याचा आकार. आजही प्रत्येक स्क्रीनची कुंडली त्यावरच मांडतात. स्क्रीनचे तीन मूळ रंग नकाशावर तीन टिंबांनी दाखवायचे आणि टिंबं जोडायची. त्या त्रिकोणाच्या आत जे येईल ते स्क्रीनला दाखवता येतं, बाहेरचं नाही. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एसआरजीबी’ नावाचा त्रिकोण सुचवला आणि तो संगणकाच्या जगाची बोलीभाषाच झाला. नकाशाचा जेमतेम ३५ टक्के भाग त्यात मावतो. गडद झेंडू आणि पैठणीवरचा मोरपंखी रंग त्याच्या कडेवर किंवा कडेबाहेरच असतात.

माझ्या लॅपटॉपला तर तेवढाही त्रिकोण नव्हता. त्याच्या तपशिलात खोलवर ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं मला फार उशिरा सापडलं. एनटीएससी हे १९५३ मधल्या अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप. त्या मापाने संपूर्ण एसआरजीबी सुमारे ७२ टक्के भरतो. म्हणजे ४५ टक्क्यांची स्क्रीन एसआरजीबीच्या साधारण ६२ टक्केच क्षेत्र व्यापते. बाकीचे रंग ती गाळत नाही, आत ओढून फिके करते. लाल विटकरी होतो, हिरवा पोपटी होतो आणि झेंडू पिवळा पडतो.

अशा स्क्रीन बनवतात तरी का? एलसीडी स्क्रीनच्या ठिपक्यांना स्वतःचा उजेड नसतो. मागे पांढरे एलईडी असतात. खरं तर निळे दिवेच, पिवळं रसायन फासून पांढरे केलेले. त्यांच्यापुढे लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या बारीक गाळण्या. गाळणी दाट असेल तर रंग शुद्ध मिळतो, पण पुष्कळ उजेड तिच्यातच मुरतो. ती पातळ ठेवली की कमी विजेत स्क्रीन उजळ दिसते, बॅटरी टिकते, पॅनल स्वस्त पडतं. हिशेबाची कामं करणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही. फोटो करणाऱ्याचं मात्र नुकसान होतं, आणि ते त्याला दिसतही नाही.

दिसत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. ट्यूबलाइटमधला कागद आपल्याला पांढरा दिसतो आणि संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखालचाही पांढराच. स्क्रीन निळसर असली तरी पाच-दहा मिनिटांत मेंदू तिच्यावरचा पांढरा हाच खरा मानतो. म्हणून ‘माझ्या डोळ्यांना तर बरोबर दिसतंय’ हा पुरावा होत नाही. पुरावा देतो कलरिमीटर. हे तळहाताएवढं उपकरण स्क्रीनवर टेकवायचं. संगणक एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतो, उपकरण ते मोजतं आणि या स्क्रीनचा लाल किती कमी, पांढरा किती निळा याची नोंद असलेलं प्रोफाइल तयार होतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मग त्याप्रमाणे रंग दुरुस्त करून दाखवतं. रोज लागणारी वस्तू नाही ही. गावातल्या चार फोटोग्राफरांनी मिळून एक घेतली तरी भागतं. मात्र प्रोफाइलने त्रिकोण मोठा होत नाही. ४५ टक्क्यांच्या स्क्रीनला ते खरं बोलायला शिकवेल, न येणारे शब्द तिच्या तोंडी घालू शकणार नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी: एसआरजीबी पूर्ण, १०० टक्के. नुसतं ‘आयपीएस’ लिहिलंय म्हणून समाधान मानू नये. आयपीएस पॅनल बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत हा त्याचा मोठाच गुण, पण ४५ टक्क्यांची आयपीएस पॅनलंही बाजारात भरपूर आहेत. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, काळा खरोखर काळा होतो, त्रिकोणही मोठा असतो. तिथे चूक उलट्या दिशेने होते. रंगांची व्यवस्था नीट लावलेली नसेल तर साधा फोटोही त्यावर रसरशीत दिसतो, आपण रंग उतरवतो आणि प्रिंट निर्जीव येते. अशा लॅपटॉपवर सेटिंगमध्ये एसआरजीबीची सोय आहे का, ते घेण्याआधी विचारावं.

प्रिंट काळी येते ही तक्रार मी लग्नाचे अल्बम करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त ऐकतो. कारण बहुतेक वेळा ब्राइटनेस. लॅपटॉप ३००-४०० निट्सचे (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) येतात आणि आपण तो पट्टा टोकाला नेऊन ठेवतो. कागद स्वतः प्रकाशत नाही. प्रिंटसाठी काम करताना ८० ते १२० निट्स पुरतात. काम करताना रात्री पिवळी होणारी नाइट लाइट बंद हवी, आपोआप बदलणारा ब्राइटनेसही बंद. खिडकीचं ऊन स्क्रीनवर येत असेल तर टेबल फिरवावं. त्याला पैसे पडत नाहीत.

आता पोटातल्या यंत्राबद्दल. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. प्रत्येकाला तीन रंग, प्रत्येक रंगाला १६ बिट म्हणजे २ बाइट. गुणाकार करा: एक थर १४४ एमबी. दहा थर चढवले की दीड जीबीच्या आसपास, शिवाय केलेले बदल मागे घेता यावेत म्हणून ठेवलेल्या प्रती वेगळ्या. म्हणून ८ जीबी रॅमवर लॅपटॉप धापा टाकतो. १६ जीबी घ्यावी, आणि ती बोर्डवर कायमची डकवलेली असेल तर आधीच ३२ चा विचार करावा, कारण पुढे वाढवता येत नाही. एसएसडी हवीच. एका लग्नाच्या २,००० रॉ (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइल, प्रत्येकी २५-३० एमबी धरली तरी ५०-६० जीबी होतात. ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग एआयने फोटोतले दाणे घालवताना जाणवतो. रंग, क्रॉप, उजेड या रोजच्या कामाला महागडं कार्ड लागत नाही. पैसे मोजके असतील तर मी कार्डावरचे काढून स्क्रीनवर घालीन. आणि घरात चालता लॅपटॉप असेल तर तो बदलूच नये: पूर्ण एसआरजीबीचा एक वेगळा मॉनिटर त्याला जोडला की कामाचं सगळं रूप पालटतं.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःचे तीन फोटो न्यावेत. एक झेंडूचा किंवा जास्वंदीचा, एक ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याचा, एक सूर्यास्तानंतरच्या आकाशाचा. फूल मंद पडलं, चेहरा करडा झाला तर पुढच्या लॅपटॉपकडे वळावं. आकाशात एकसंध उतार दिसायच्या ऐवजी पट्टे उमटले तर पॅनलला रंगांच्या पायऱ्या कमी आहेत. चांगल्या स्क्रीनला प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, त्यातून १ कोटी ६७ लाख रंग होतात. स्वस्त पॅनलला ६४ च असतात. मधल्या छटा ते दोन शेजारच्या छटा झरझर आलटून पालटून भासवतं.

माझा झेंडू वाचला, कारण मी रॉ फाइल ठेवली होती. रॉमध्ये केलेले बदल म्हणजे बाजूला लिहून ठेवलेल्या सूचना असतात, मूळ मोजमाप तसंच राहतं. माझ्या कॅमेऱ्याने प्रत्येक ठिपक्याचा उजेड १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत टिपलेला होता. मोजून घेतलेल्या नव्या स्क्रीनवर ती रॉ फाइल उघडली, जुने सगळे स्लायडर शून्यावर आणले, आणि पाकळ्यांच्या चुण्या जागच्या जागी होत्या. दवाचा थेंबही. केशरीला हात लावावा लागला नाही. सावल्या थोड्या उघडल्या, एवढंच. दुसरी प्रिंट त्याच लॅबमधून काढली. काउंटरवरच्या मुलाने ती उजेडात धरून वाकडी-तिकडी करून पाहिली आणि विचारलं, ‘हेच फूल का ते?’